श्रीफळ उभे राहिले

गेल्या गुरुवारी सामुदायिक रेडिओवर माझी मुलाखत प्रसारित झाली. तीत मी एकूण चार मिनिटे बोललो असून त्यांपैकी अर्धे मिनिट मी खोकलो आहे. कार्यक्रमाचे नाव 'पाहुणे लेखक आपल्या भेटीला' असे होते. उरलेली सव्वीस मिनिटे ज्यांना मिळाली, त्या आबाजींनी आयुष्यात सहीपलीकडे काहीही लिहिलेले नाही, आणि हे त्यांनी स्वतःच मोठ्या अभिमानाने श्रोत्यांना सांगितले.

हे केंद्र यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, एका संस्थेच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर आहे. खिडकीवर वाकळ टांगली होती, भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले होते, आणि आवाज येतो म्हणून पंखा व कूलर दोन्ही बंद ठेवले होते. विदर्भात मे महिन्यात बंद खोलीत पंख्याविना साहित्यावर बोलणे म्हणजे काय, हे ज्याला कळायचे असेल त्याने आधी अंड्यांच्या ट्रेकडे पाहावे आणि मग अंड्यांचा विचार करावा. सुरुवातीलाच शाल आणि श्रीफळ देऊन माझा सत्कार झाला. चव्वेचाळीस अंश तापमानात शाल अंगावर घेऊनच मी पहिल्या प्रश्नाला सामोरा गेलो. "सर, आपल्या पुस्तकाविषयी थोडक्यात सांगा," असे निवेदिका म्हणाली. पुस्तक तिने वाचलेले नव्हते, हे त्या 'थोडक्यात'वरूनच माझ्या लक्षात आले.

मी शीर्षककथा सांगितली. एक शेतकरी कर्ज काढून विहीर खणतो, पन्नास फुटांवरही पाणी लागत नाही, आणि तो त्या कोरड्या विहिरीच्या काठावर रोज संध्याकाळी येऊन बसतो. शेवट सांगताना माझा आवाज थोडा दाटला, तो काही अंशी शालीमुळेही असेल. स्थानिक मान्यवर म्हणून बोलावलेले आबाजी शेजारीच स्वतःच्या पाळीची वाट पाहत बसले होते. हातावर नारळ ठेवून पाणी दाखवणारे म्हणून पंचक्रोशीत त्यांची ख्याती आहे. त्यांनी माझ्या पुढ्यातला माइक स्वतःकडे ओढला.

"गुर्जी, तुमच्या त्या इहिरीची जागा कोनं दाखवली व्हती?"

ही कथेतली विहीर आहे, असे मी नम्रपणे सांगितले.

"कथेतली असो नाई तं कोनाची असो, इहीर ते इहीरच राह्यते. उंबर किती हातावर व्हता?"

माझ्या कथेत उंबर नाही, आणि तो नाही हे मला त्या क्षणापर्यंत उणे वाटले नव्हते. तसे मी कबूल करताच आबाजींनी निवेदिकेकडे पाहून, एखाद्या ज्येष्ठ समीक्षकाने सुस्कारा सोडावा तसा सुस्कारा सोडला. "वारूय?" त्यांनी विचारले. वारूळही नव्हते. "मंग कसं लागन जी पानी?" या वाक्याने माझ्या कथेतील नियती, कर्ज आणि व्यवस्था यांचा एकदमच निकाल लागला.

विद्वत्तेने बाजी सावरावी म्हणून मी सांगितले, की वारूळ आणि झाडे यांवरून भूजल ओळखण्याची चर्चा वराहमिहिराने सहाव्या शतकातच बृहत्संहितेत केलेली आहे. "थे कोनत्या गावचे?" आबाजींनी विचारले. मी उज्जैन म्हणालो. "तिकडचं मले मालूम नाई. आपल्या इकडं खाली काया गोटा हाय." खरे सांगायचे तर खडकाविषयीचे हे विधान भूगर्भशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात शोभले असते, आणि त्याचाच मला अधिक राग आला.

यानंतर प्रात्यक्षिक झाले. रेडिओवर प्रात्यक्षिक कसे दाखवतात, असा प्रश्न माझ्याखेरीज कोणालाच पडला नाही. आबाजींनी माझ्या मांडीवरचे श्रीफळ उचलले, तळहातावर आडवे ठेवले आणि खोलीभर फिरू लागले. निवेदिकेने क्रिकेटच्या समालोचनाचा सूर लावला: "आबाजी टेबलाजवळ आले आहेत, नारळ अजून आडवाच आहे, आता ते लेखक महोदयांच्या मागे आले, आणि श्रोतेहो, नारळ उभा राहिला!" माझ्या खुर्चीखाली पाणी असल्याचे जाहीर झाले. आम्ही पहिल्या मजल्यावर होतो. खाली संस्थेचे स्वच्छतागृह असल्यामुळे निदान अगदीच चुकीचे नव्हते. नारळाने पाणी सापडते याला वैज्ञानिक आधार नाही, असे मी म्हणालो. नेमका तेव्हाच मला खोकला आला, आणि प्रसारणात फक्त खोकला राहिला.

हे सारे हसून सोडले असते. पण कापूस खरेदी केंद्रापुढे ट्रॅक्टर घेऊन दोन दोन रात्री उघड्यावर झोपणाऱ्या माणसांविषयी मी एक वाक्य बोललो होतो, तेही कापले गेले. सामुदायिक केंद्राला स्वतःच्या बातम्या व चालू घडामोडी देण्याची मुभा नाही, आकाशवाणीच्या बातम्या तेवढ्या जशाच्या तशा लावता येतात, असे मला समजावण्यात आले. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली म्हटले आणि 2006 च्या धोरणाने अशी केंद्रे चालवण्याची वाट स्वयंसेवी संस्थांना मोकळी झाली. त्या सार्वजनिक मालमत्तेत नारळाला सव्वीस मिनिटे मिळतात आणि कापसाला एक वाक्य मिळत नाही. निवेदिकेवर माझा राग नाही. परवाना जाईल या भीतीने तिचा चेहरा खरोखरच उतरला होता.

प्रक्षेपक अवघ्या 50 वॅटचा असल्याने आवाज दहा-पंधरा किलोमीटरपलीकडे जात नाही, आणि माझे गाव बावीस किलोमीटरवर आहे. माझा मेहुणा मोटारसायकलने सात किलोमीटर अलीकडे येऊन, मोबाइलला इअरफोनची वायर लावून नाल्याच्या पुलावर उभा राहिला आणि त्याने संपूर्ण कार्यक्रम ऐकला. आल्यावर त्याने आबाजींचा पत्ता विचारला.

निघताना मी आबाजींना पुस्तकाची एक प्रत सही करून दिली होती. त्यांनी ती उघडली नाही. तळहातावर आडवी ठेवली, डोळे मिटले आणि संस्थेच्या अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश चालून आले.

"कोरडं हाय जी," असे म्हणून त्यांनी पुस्तक मला परत दिले. श्रीफळ मात्र त्यांच्याच पिशवीत होते.