काय गो, गावला काय?

मांडवीच्या पुळणीवर मेटल डिटेक्टर घेऊन फिरणारी बाई म्हणून निम्मी रत्नागिरी मला ओळखायला लागली आहे. प्रश्न ठरलेला, "काय गो, घबाड गावला काय?"

नाही गावला. 2 वर्षांत बाटल्यांची बुचं, गंजके खिळे, जाळ्याची शिशाची वजनं, सुटे रुपये आणि भाट्याला एक चांदीचं जोडवं. जोडव्याची मालकीण अजून सापडलेली नाही.

भाच्याने जुनं मशीन दिलं तेव्हा वाटलं, फिरवायचं, वाजलं की उकरायचं. पहिल्या दिवशी ते वाजायचं थांबेचना. बिघडलंय म्हणून परत करायला निघाले होते. पण मांडवीला आपण काळा समुद्र म्हणतो ते उगाच नाही, त्या वाळूत इल्मेनाइटसारखी लोहयुक्त खनिजं आहेत. मशीनची कॉइल चुंबकीय क्षेत्र सोडते, त्यामुळे जवळच्या धातूत बारीक वीजप्रवाह उठतो आणि त्याची चाहूल लागली की मशीन वाजतं. काळी वाळू आणि खारट ओल दोन्ही त्याला चकवतात. कंटाळून परसात गेले, तर तिथे जांभा, तोही लोहयुक्त दगड! चिऱ्याच्या गडग्याजवळ नेलं तरी कुंई. व्हिडिओतले गोरे काका हिरव्या कुरणात आरामात नाणी काढतात, आपल्याकडे जमीनच वाजते.

मग ग्राउंड बॅलन्स शिकले. कॉइल जमिनीवर वरखाली करून मशीनला इथल्या मातीची सवय लावायची. तरी चॉकलेटचा चमचमता कागद आणि सोन्याची बारीक अंगठी यांचा आवाज इतका सारखा, की कागद टाळायचा तर अंगठीवरही पाणी सोडावं लागतं. म्हणून सगळं उकरते. कंबर बोलते, पण उकरते.

आता किल्ल्यांचं. आजवर तिघांनी "चल किल्ल्यावर" म्हणून गळ घातली. एकाने तर आजोबांनी पुरलेला हंडा शोधायला परसात बोलावलं, वर राखणदाराचा नारळ मीच आणायचा म्हणे. मी जात नाही, जाणार नाही. संरक्षित किल्ल्यावर परवानगीशिवाय खणणं गुन्हा आहे हे झालंच. पण मला जास्त खुपतं ते हे की शिवराई उपटून, घासूनपुसून फोटो टाकला, की ती कुठल्या थरात, कुठल्या खापराशेजारी होती हे कायमचं पुसलं जातं. आणि गुप्तधनवाल्यांनी 1878 चा निखात निधीचा कायदा वाचावा. 10 रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं धन मिळालं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. होय, 10!

कासवांच्या हंगामात गावखडी, वेळाससारख्या किनाऱ्यांवर भरतीरेषेच्या वर तर फावडं लावूच नये. तिथे ऑलिव्ह रिडलेची शंभरेक अंडी एका खड्ड्यात असतात. मी सुकतीला, म्हणजे ओहोटीला, ओल्या वाळूतच उकरते, खड्डे बुजवते आणि राहिलेलं भरती बघून घेते.

शिसं रापणीवाल्या काकांना देते, ते जाळ्याला परत लावतात. परवा म्हणाले, "पावसात समुद्र पुळण खातो, मग खालचा जड सगळा उघड्यावर येता. गणपती झाले की ये." कॅलेंडरवर खूण केली आहे.