झारा टाकतो

आईचा लॅपटॉप 2011 चा. रॅम 2 जीबी, आणि हार्ड डिस्क फिरू लागली की सुपात तांदूळ पाखडल्यासारखा आवाज. सकाळी देवापाशी दिवा लावायचा, लॅपटॉपचं बटण दाबायचं आणि रामरक्षा म्हणायला बसायचं, हा तिचा नेम. 38 श्लोक संपता संपता पडद्यावरचा बाण हलायला लागतो. मग यूट्यूबवर कीर्तन.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 ची मुदत संपली. विंडोज 11 ला रॅम 4 जीबी हवी, वर टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप. म्हणजे आमची बोळवण दारातूनच. भाचा म्हणाला, "मामा, विंडोजच्या जागी लिनक्स टाक. हलकं असतं."

"कुठलं?" हे मी विचारायला नको होतं. लुबुंटू, झुबुंटू, अँटीएक्स, बोधी... साड्यांच्या दुकानात एक दाखवा म्हटलं की गादीवर पन्नास पडतात, तसं झालं. पप्पी लिनक्स अख्खं रॅममध्ये मावतं म्हणून पेनड्राइव्हवरून लावून पाहिलं. सुरू झाल्या झाल्या ते भुंकलं. खरोखर भुंकलं! आई आतून "हाड् हाड्" करत आली.

शेवटी लिनक्स मिंट. त्याच्या प्रत्येक आवृत्तीला बाईचं नाव; 22.2 चं नाव झारा. मी फोनवर भाच्याला म्हणालो, "ठरलं. आजच झारा टाकतो."

"टाकतोस कशाला?" आई स्वयंपाकघरातून कडाडली. "चांगला पितळी आहे! दिवाळी तोंडावर आलीय, बुंदी काय तुझ्या डोक्याने पाडू?"

झाराचा एक्सएफसीई नावाचा सडपातळ अवतार घेतला. 2 जीबी पुरते, 4 असेल तर बरं, असं लिहिलं होतं. 'असेल तर बरं' या वर्गात आमचं आयुष्य गेलंय, त्यामुळे बिचकलो नाही. बिचकलो ते वायफाय दिसेना तेव्हा. वायफाय चालवायला ड्रायव्हर नावाचं सॉफ्टवेअर हवं आणि ड्रायव्हर उतरवायला नेट हवं! अखेर मोबाइल केबलने जोडून त्याचं नेट दिलं, तेव्हा कुठे रात्री एक वाजता गाडी हलली. ब्राउझर काही हलका झाला नाही, तेव्हा एका वेळी एकच टॅब, अशी आईला ताकीद.

सकाळी तिने दिवा लावला, बटण दाबलं. सव्वा मिनिटात पडदा लख्ख. मी कौतुकाच्या अपेक्षेने शेजारी उभा. आई पाचव्या-सहाव्या श्लोकावर होती. तिने हाताने मला थांबवलं, रामरक्षा पुरी केली आणि म्हणाली,

"हे मध्येच का उघडतं रे? आधीसारखं करून दे."