गाळलेल्या ७३ कोटी किलोमीटरबद्दल

नमस्कार. लेख इतक्या बारकाईने वाचलात, मनापासून आभार. तुमचा आक्षेप असा की, एक प्रकाशवर्ष (प्रकाश वर्षभरात कापतो ते अंतर) म्हणजे 'सुमारे ९.४६ लाख कोटी किलोमीटर' असं लिहून मी ७३ कोटी किलोमीटर परस्पर गाळले. पृथ्वी-सूर्य अंतराच्या जवळजवळ पाचपट! शिवाय देवयानी दीर्घिकेचं (अँड्रोमेडा या प्रचंड तारकासमूहाचं, म्हणजे गॅलक्सीचं) '२५ लाख प्रकाशवर्षं' हे अंतरही किलोमीटरमध्ये पूर्ण द्यायला हवं होतं.

प्रकाशवर्षाचा तुमचा आकडा, ९४,६०,७३,०४,७२,५८०.८ किमी, बरोबरच आहे. पण तो कोणी मोजलेला नाही, ठरवलेला आहे. १९८३ पासून प्रकाशाचा वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर असा पक्का धरतात आणि वर्ष ३६५.२५ दिवसांचं. गुणाकार केला की दशांशापर्यंत उत्तर येणारच.

देवयानीचं अंतर मात्र मोजावं लागतं. तिथल्या सेफीड ताऱ्यांचं तेज ठरावीक काळाने कमी-जास्त होतं. त्या काळावरून ताऱ्याचं खरं तेज कळतं, आणि आपल्याला तो किती मंद दिसतो यावरून अंतर. मधल्या धुळीने किती प्रकाश अडवला, हे अंदाजानेच वजा करायचं. त्यामुळे या अंतरात काही दशहजार प्रकाशवर्षांचं इकडेतिकडे आहेच. आणि दीर्घिका स्वतःच लाखाहून अधिक प्रकाशवर्षं रुंद आहे; मग अंतर तिच्या कुठल्या टोकापर्यंतचं?

आता तुमच्या म्हणण्याप्रमाणे गुणाकार करू: २,३६,५१,८२,६१,८१,४५,२०,००,००० किमी. यातल्या डावीकडून तिसऱ्या अंकाचीच खात्री नाही. पुढचे सगळे अंक गुणाकारातून आले, दुर्बिणीतून नाहीत. वाचकाला मात्र वाटणार की एवढं सगळं कोणीतरी मोजलंय. हे मला फार खटकतं. तुमचे ७३ कोटी किलोमीटर २५ लाख वेळा गाळले तरी फरक पडतो १९३ प्रकाशवर्षांचा, आणि तो त्या दशहजारांत कुठच्या कुठे बुडून जातो.

आकडेमोड चालू असताना अंक राखून ठेवावेत, हे मान्य. छाटणी शेवटी, आणि मोजमापाला झेपेल तेवढीच.

चंद्राचं प्रकरण निराळं. १९६९ मध्ये अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी तिथे परावर्तक ठेवले, त्यांवर लेझर सोडून परत यायला लागलेला वेळ मोजतात. चंद्र दरवर्षी ३.८ सेंटिमीटर दूर सरकतोय, हे त्यातूनच कळलं. तिथे दशांश लिहायचा हक्क मोजणाऱ्यांनी कमावलाय. तिथे तो मीही गाळणार नाही. देवयानीच्या बाबतीत 'सुमारे' हा शब्द राहील.