विद्वान व्हा, पान चाळीसपर्यंत

उद्योग, तंत्रज्ञान आणि समाज यांवरची जाडजूड पुस्तकं वाचायची हौस हल्ली बऱ्याच जणांना असते. वाचायची म्हणजे, वाचलीत असं दिसायची. पहिलं पथ्य, पुस्तक विकत घेऊ नये. सोसायटीत वाचणारा एखादा बावळट असतोच, त्याच्याकडून मागावं. "दोन दिवसांत देतो" म्हणावं. (सहा महिने झाले.)

मग पिवळा हायलायटर घ्यावा आणि हळदीला नवरदेव माखतात तशी पहिली चाळीस पानं माखावीत. पुढची कोरी राहिली तरी बिघडत नाही, फोटो पुढच्या पानांचा काढायचाच नसतो.

बाकीचा सारांश दुप्पट वेगाने ऐकावा. विरार लोकलमध्ये, इअरफोनशिवाय.

उदाहरण कोडॅकचंच द्यावं. १९७५ मध्ये त्यांच्याच स्टीव्ह सॅसनने डिजिटल कॅमेरा बनवला, कंपनीला फिल्मचा नफा सोडवेना, २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज. हे लोअर परळच्या ऑफिसात सांगताना मात्र खाली कुठली गिरणी होती ते विचारू नये. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार, पुढे त्यांच्या घरांत काय झालं... जाऊ द्या, कोडॅकच्या रोचेस्टर गावावर बोलायला बरं पडतं.

आता मुख्य धडा. अ‍ॅपवाले पोरांना कसे राबवतात ते प्रकरण चारचौघांत मोठ्याने वाचावं. परवा शनिवारी आमच्या सातव्या मजल्यावर हा कार्यक्रम झाला. आवाज कापरा. "ही नवी वेठबिगारी आहे! 'गिग कामगार' हा शब्द आपल्या कायद्यात यायला २०२०ची सामाजिक सुरक्षा संहिता उजाडावी लागली!" आम्ही माना डोलावल्या. तेवढ्यात बेल वाजली. दारात पोरगा, रेनकोटातून पाणी ठिबकतंय, बिर्याणीची पिशवी पोटाशी धरलेली. सात मजले चढून आला होता, कारण खाली पाटी आहे, 'डिलिव्हरीवाल्यांनी जिना वापरावा'. तो ठराव कमिटीत मांडला कोणी? याच वाचकाने! "बारा मिनिटं लेट," म्हणाले, आणि पान अडतीसमध्ये एक बोट ठेवून दुसऱ्या हाताने एक स्टार दिला.

अहो, त्या पानावर काय लिहिलंय? वाईट रेटिंग पडलं की पुढचं काम कसं आटतं, तेच ना? त्या वाक्याखाली रेघ मारलीत तुम्ही, माझ्या पुस्तकात! वाचलंत काय मग? पोराला पाणी तरी विचारलंत? मीही नाही विचारलं, त्याची लाज वाटतेय म्हणून तर लिहितोय. पण पाटी माझी नाही, ती तुमची आहे. येत्या सभेत ती काढायचा विषय तुम्हीच मांडा. तो स्टार बदलता येत असेल तर आजच बदला.

आणि पुस्तक माझ्या घरी आणून द्या. जिन्याने.