‘ऑइल पेंटच लावा’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला दुकानातून उत्तर

दसरा जवळ आला की नाशिकात रंगाच्या दुकानांत गर्दी होते आणि तोच जुना फॉरवर्ड पुन्हा फिरायला लागतो. रोज कुणीतरी काउंटरवर मोबाइल पुढे करतं. मजकूर असा: ‘पाण्यातला रंग पहिल्या पावसात धुऊन जातो. ऑइल पेंट लावा, भिंतीची ओल कायमची बंद. वास दोन दिवसांचा. जुन्या ऑइलवर पुढे कुठलाही रंग चढतो.’

धुऊन जाण्याचं आधी बघू. साधा डिस्टेंपर ओल्या फडक्याला लागतो, खरंय. पण आपण ज्याला प्लास्टिक पेंट म्हणतो, त्यात ॲक्रिलिकचे बारीक कण पाण्यात मिसळलेले असतात. पाणी उडालं की ते एकमेकांना चिकटतात, आणि तो थर पुन्हा पाण्यात विरघळत नाही. रंगाऱ्याचा ब्रश बघा. काम संपल्यावर लगेच नळाखाली धरला तर स्वच्छ. रात्रभर तसाच राहिला तर सकाळी फेकायचा.

ओलीचा दावा मात्र घरं खराब करतो. ऑइल पेंट ओल थांबवत नाही, कोंडतो. पंचवटीत माझ्या मावशीचं जुनं घर आहे, विटा आणि चुन्याचं. स्वयंपाकघरात कंबरेपर्यंत ऑइलचा पट्टा मारून घेतला होता. श्रावणात मावशीचा फोन, “अरे, भिंतीला घामोळं आलंय.” जाऊन बघतो तर पट्टाभर फुगे. एकाला स्क्रू-ड्रायव्हरचं टोक लावलं, तर आतून पाणी ओघळलं आणि मागोमाग ओल्या चुन्याची पूड. जमिनीतून चढलेलं पाणी पूर्वी भिंतीवाटे उडून जायचं, त्याला वाटच उरली नव्हती. आधी गळका पाइप, गच्ची, पाया बघा. रंगाचा डबा शेवटी उघडा.

नव्या प्लास्टरवर तर ऑइल नकोच. ओल्या सिमेंटमधला क्षार तेलाशी मिळून चक्क साबण करतो, रंग चिकट होऊन सुटतो.

वासाबद्दल एवढंच, की टर्पेंटाइन उडून गेलं तरी तेलाचं हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होणं चालूच राहतं. म्हणून वास रेंगाळतो, आणि कपाटामागचा पांढरा ऑइल पेंट पिवळा पडतो. जुन्या ऑइल पेंटमधल्या शिशाचं मात्र कुणी विचारत नाही. घरगुती रंगात 90 पीपीएमपेक्षा (म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा) जास्त शिसं नको, हा नियम 2017 च्या नोव्हेंबरपासून आहे. त्याआधीचे ऑइलचे थर कोरडे घासू नका, विशेषतः घरात लहान मूल असेल तर. पाणी लावून घासा.

जुन्या ऑइलवर रंग चढतो, पण टिकत नाही. गुळगुळीत थरावर थेट प्लास्टिक पेंट मारला तर नखाने सालीसारखा निघतो. चमक जाईपर्यंत ओला पॉलिशपेपर, मग प्रायमर, मग रंग. जुना थर कुठला हे कळत नसेल तर मेडिकलमधून स्पिरिट आणा, कापसाने घासा. रंग कापसाला लागला तर पाण्यातला, नाही लागला तर बहुधा ऑइल.

ऑइलशी माझं वैर नाही. खिडकीच्या ग्रिलला, गेटला मी अजून रेड ऑक्साइड, म्हणजे गंजरोधक लाल प्रायमर, आणि वर ऑइलच देतो. पाण्यातलं इनॅमलही, म्हणजे ऑइलसारखा कडक चकचकीत रंग, आता मिळतं, पण खाली गंजरोधक प्रायमर हवाच. गेल्या महिन्यात एकाने उरलेला भिंतीचा रंग कोऱ्या ग्रिलवर मारला. रंग वाळेपर्यंत त्यातून तांबूस ठिपके वर आले होते.