प्रवेश नक्की, पण फीचं काय?

अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशांवरच्या तुमच्या लेखात सेफ्टी कॉलेज म्हणजे 'जिथे प्रवेश नक्की' एवढंच म्हटलंय. फीचं काय? आमच्या चिरंजीवांचा एसीटी (कॉलेज प्रवेशपरीक्षा, ३६ पैकी) ३४, जीपीए (शाळेतल्या ग्रेडची सरासरी, ४ पैकी) मात्र ३.१, दहावीत गृहपाठ व्हायचा, पण दप्तरातच राहायचा! २०२२ मध्ये आयोवा स्टेट विद्यापीठाचं प्रवेशाचं सूत्र उघड होतं: एसीटीची तिप्पट, जीपीएची तीसपट, प्रत्येक मुख्य विषय जितकी वर्षं घेतला त्या सगळ्या वर्षांच्या बेरजेची पाचपट, बेरीज २४५ झाली की प्रवेश. कालनिर्णयच्या पाठीमागे मांडलं: १०२, ९३, ७५. झाले २७०. जीव भांड्यात पडला. मग नेट प्राइस कॅल्क्युलेटरमध्ये (आपल्याला प्रत्यक्ष किती खर्च येईल याचा अंदाज देतो; तिथल्या बहुतेक कॉलेजांच्या साइटवर असतो, आधी तोच उघडा) आमचं उत्पन्न भरलं. आकडा बघून हे म्हणाले, "आपल्या न्यू जर्सीतलंच बघू आधी."