देवाचे गाणे आणि गाणाऱ्याची बिदागी

आमच्या गावच्या सप्ताहात यंदा काल्याच्या कीर्तनाला बोलावलेल्या महाराजांनी बिदागीचा आकडा आधीच सांगितला आणि त्यावरून गावात दोन तट पडले. एका तटाचे म्हणणे असे की, जिथे कीर्तन करावे तिथे अन्नही घेऊ नये, द्रव्य घेणारे आणि देणारे दोघेही नरकात जातात, असे तुकोबांनी सांगून ठेवलेले असताना हा सारा भक्तीचा बाजार आहे. दुसरा तट गर्दीचा हिशेब मांडतो: नाव मोठे असले की मांडव भरतो. पुतण्या सप्ताह समितीत असल्यामुळे हा वाद शिकागोत माझ्यापर्यंत रोज पोहोचतो. मला दोन्ही बाजूंचा सारखाच राग येतो, कारण गाणारा माणूस कशावर जगतो हे दोघांपैकी कोणीही विचारत नाही.

मी राहतो त्या शहरात एका बाईने हा प्रश्न आयुष्यभर उघडपणे हाताळला. गॉस्पेल, म्हणजे काळ्या लोकांच्या चर्चमधली भक्तिगीते, गाणारी कृष्णवर्णीय गायिका महालिया जॅक्सन १९११ साली न्यू ऑर्लिन्समध्ये जन्मली, आई लहानपणीच वारल्यावर मावशीकडे वाढली आणि पुढे कोवळ्या वयातच शिकागोला आली. रविवारी दक्षिण भागातल्या चर्चमध्ये ती गायची, आणि पोटासाठी लोकांचे कपडे धुवायची, हॉटेलातल्या खोल्या झाडायची. गॉस्पेल संगीताचे जनक मानले गेलेले टॉमस डॉर्सी हे मूळचे ब्लूज, म्हणजे काळ्या लोकांचे ऐहिक सुखदुःखाचे संगीत, वाजवणारे. त्यांची गाणी ती गाऊन दाखवायची आणि त्या गाण्यांची छापील पाने तिथेच विकली जायची. प्रतिष्ठित चर्चमधल्या मंडळींना तिचे टाळ्या वाजवणे आणि अंग झोकून देऊन गाणे पसंत नव्हते. एकदा ती एका संगीतशिक्षकाकडे गेली, तेव्हा त्याने ४ डॉलर घेऊन तिला सुनावले की, असे ओरडून गाण्याने आपल्या समाजाची शोभा होत नाही. त्या शिकवणीला ती पुन्हा गेली नाही.

तिने काय नाकारले, हे मला तिच्या कमाईपेक्षा महत्त्वाचे वाटते. ब्लूज गायली असती तर पैसा लवकर आला असता, पण ती गायली नाही आणि नाइटक्लबच्या दारांकडेही फिरकली नाही. मंदीच्या काळात नवऱ्याच्या आग्रहाखातर तिने एका संगीत नाटकासाठी चाचणी दिली, तिची निवडही झाली; पण नवऱ्याला नोकरी लागल्याचे समजताच तिने ते काम सोडले. मात्र देवाचे गाणे गातो म्हणून फुकट गातो, असे ती कधीही म्हणाली नाही. आयोजकांनी बुडवल्याचे अनुभव गाठीला असल्यामुळे ती गाण्याआधी पैसे मागून घ्यायची, तेही रोख. १९४७ साली ध्वनिमुद्रित झालेल्या तिच्या एका गाण्याच्या दहा लाखांहून अधिक तबकड्या खपल्या आणि १९५० साली ती न्यू यॉर्कच्या प्रतिष्ठित कार्नेगी हॉलमध्ये गायली. ही अट तिने त्यानंतरही सोडली नाही.

आणि हीच बाई १९५६ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मॉन्टगोमेरीला गायला गेली तेव्हा तिने बिदागी घेतली नाही. तिथल्या काळ्या लोकांनी बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध बसवर बहिष्कार घालून वर्षभराहून अधिक काळ पायी कामावर जाणे पत्करले होते. चालणाऱ्या माणसांकडून मी पैसे कमवायला येत नाही, अशा अर्थाचे तिचे उत्तर होते. पायी चालणाऱ्यांचे मोल आषाढीची वारी करणाऱ्या माझ्या गावाला मी काय समजावून सांगावे! कोणाकडून रोख मोजून घ्यायचे आणि कोणाकडून छदामही घ्यायचा नाही, हा विवेक तिच्यापाशी होता. आमच्या वादात तोच हरवला आहे.

तुकोबांचे नाव घेणाऱ्यांना मला एवढेच सांगायचे आहे की, त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते आधी इंद्रायणीत बुडवली. आमच्याकडे मात्र ज्यांची सावकारी व्यवस्थित चालू आहे तेच कीर्तनकाराला निर्लोभ राहायला सांगतात. सप्ताहभर पहाटेपासून जागरापर्यंत मृदंगावर बसणाऱ्या माणसाच्या हाती शेवटी टोपी, टॉवेल आणि नारळ पडतो, त्याबद्दल कोणत्याच तटाला काही म्हणायचे नसते.

महालियाने कमाईतून १९५६ साली शिकागोतल्या चॅटममध्ये घर घेतले, तेव्हा तो गोऱ्यांचा भाग होता आणि तिच्या खिडक्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. आज मी रेड लाइन या शहरी रेल्वेने ८७व्या रस्त्यावर उतरून त्याच भागातल्या एका चर्चमध्ये गाणे ऐकायला जातो. तिथे ऑर्गन वाजवणाऱ्याचा आणि गायकवृंद सांभाळणाऱ्या बाईंचा पगार वार्षिक सभेच्या कागदावर छापलेला असतो, त्यावर लोक हात वर करून मत देतात आणि पुढच्या रविवारी त्याच बाईंनी सूर धरला की रडतात. मी हे सांगितले तेव्हा पुतण्या म्हणाला, "काका, ते चर्च आहे. इथे असे चालत नाही, आणि तुम्ही तिकडे बसून सांगू नका." मला ते लागले. याच महालियाला मुंबईने १९७१ मध्ये, तिच्या मृत्यूच्या काही महिने आधी, तिकिटे काढून ऐकले होते आणि त्याने तिची प्रार्थना बाटली असे मी आजवर कोणाकडून ऐकलेले नाही.

पण पुतण्याच्या बोलण्यातला दुसरा भाग मला खोडता येत नाही. त्या चर्चमध्ये गाणे टिपेला पोहोचून सगळे उभे राहतात तेव्हा माझ्या हातांना टाळ हवे असतात; मी ख्रिस्ती नाही, आणि पाहुण्यांनी उभे राहावे असे व्यासपीठावरून सांगितले की शेजारच्या आजी अजूनही माझ्याकडे पाहतात. गावात माझे नाव देणगीदारांच्या फलकावर असते, टाळकऱ्यांत नसते. यंदाची वर्गणी पाठवताना ती मृदंग वाजवणाऱ्यालाच द्यावी आणि जमाखर्चात त्याच्या नावापुढे उघड लिहावी, असे मी कळवले आहे. समितीची बैठक एकादशीला आहे. मारुतीच्या देवळात सतरंजीवर बसलेली माणसे ते ठरवतील आणि त्यांच्यात मला बसता येणार नाही, याचे दुःख मला या वादातल्या कोणत्याही मुद्द्यापेक्षा जास्त आहे.